कुणाची काही हरकत?

आमच्या घरात सगळे निर्णय एकमताने होतात. लग्नाआधी नवऱ्याने हे सांगितलं तेव्हा मी भाळले होते. एकमत म्हणजे काय असतं ते मला नंतर कळलं. सासरे विचारतात, "कुणाची काही हरकत?" सासूबाई चहाच्या कपात बघतात, नवरा "चालेल" म्हणतो, आणि एकमत होतं.

सासरे सरकारी खात्यात लिफ्ट तपासनीस होते. लोकांच्या लिफ्टमध्ये शिरायचं, दोर तपासायचे, ब्रेक तपासायचे, दार मधेच अडकतंय का बघायचं, हे त्यांनी आयुष्यभर केलं. त्यांच्या खात्यात एक पद्धत होती. तपासणी झाली की सगळ्यांना एकत्र उभं करून हा प्रश्न विचारायचा. ज्याची हरकत असेल त्याचं नुसतं बोट दाखवून भागायचं नाही. मग काय करायचं तेही त्यानेच सांगायचं. हा नियम त्यांनी घरीही आणला. सोफ्याची जागा आवडली नाही? मग कुठे ठेवायचा ते तू दाखव. इतका व्याप कोण करणार? सोफा आहे तिथेच आहे.

मी हॉस्पिटलमध्ये एक्स-रे काढते. दिवसभर लोकांना सांगत असते, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. घरी आले की पहिले दोन मीच करते आणि तिसरं राहून जातं. याचं कारण आमची खोली. आमच्या खोलीतून गेल्याशिवाय गॅलरीत जाता येत नाही, आणि घराचे सगळे कपडे गॅलरीत वाळतात. त्यामुळे आमच्या दाराला कडी आहे पण ती लावता येत नाही. सकाळी डोळे उघडावेत तर उशाशी सासूबाईंची बादली. त्या बिचाऱ्या पाय न वाजवता जातात, त्याचाच जास्त त्रास होतो. आमची खोली म्हणजे रस्ता आहे, आणि मी रस्त्यावर झोपते, असं मी एकदा नवऱ्याला म्हटलं. तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

म्हणून दूरच्या एका गावातल्या हॉस्पिटलात जागा निघाली तेव्हा मी अर्ज केला. नोकरी मिळाली. राहायला क्वार्टरही मिळणार होतं. गावात रंगाचं मोठं दुकान होतं, आणि नवरा रंगाच्याच दुकानात काम करतो. गिऱ्हाइकाला भिंतीसाठी रंग निवडून देण्यात त्याचा हात कुणी धरू शकत नाही. तिथल्या मालकाशी त्याचं बोलणंही झालं होतं. आता एकच गोष्ट राहिली होती. बाबांना सांगायचं. ते तो सांगणार होता. दर आठवड्याला तो ते सांगणार होता. घोंगडं असं भिजत पडलं की शेवटी हॉस्पिटलातून फोन आला: शनिवारी दुपारपर्यंत कळवा, नाहीतर पुढच्या उमेदवाराला बोलावतो.

आणि शुक्रवारी आम्ही निघालो तंबू ठोकायला.

राष्ट्रीय उद्यानाला लागून डोंगरातलं एक जंगल आहे, तिथे तंबू ठोकायला परवानगी मिळते. दरवर्षी आम्ही तिथे जातो. माझी कधी हरकत नसते, कारण मला कुणी बोलू देईपर्यंत गाडी निघालेली असते.

"तंबू लागला ना, की बाबा एकदम खुशीत असतात," नवरा आदल्या दिवशी म्हणाला. "तेव्हाच सांगतो. नक्की."

"तुझ्या आईची शपथ?"

"शपथ कशाला हवी? सांगतो म्हटलं ना."

म्हणजे माझं सगळं घोडं आता तंबूच्या जागेवर अडलं होतं. जागा लवकर मिळाली तर तंबू लवकर लागेल, तंबू लागला तर बाबा खुशीत येतील, खुशीत आले तर हा तोंड उघडेल.

फाटकावरच्या वनरक्षकाने गाडीत डोकावून नेहमीच्या सूचना दिल्या. पिवळे पट्टे मारलेल्या दगडांच्या पलीकडे उद्यान, तिथे पाय ठेवायचा नाही. खाण्याचे डबे रात्री गाडीत ठेवायचे, अस्वलं येतात. सूर्य मावळला की फाटक बंद, ते सकाळीच उघडणार. "आणि फोन इथे फाटकापाशीच लागतो हं," तो म्हणाला. "वर गेलात की गेला."

आणि मला तर उद्या दुपारपर्यंत फोन करायचा होता. मी मागच्या सीटवर सासूबाईंच्या शेजारी बसले होते. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नाही. नवरा लहान असताना तो गाडीतून पडू नये म्हणून बाबांनी घरातल्या प्रत्येक गाडीला लहान मुलांचं लॉक लावायची सवय लावून घेतली, आणि मूल मोठं झालं तरी सवय काही मोठी झाली नाही. दोन्ही बाजूंनी झाडं इतकी दाट की काचेवर फांद्या खरवडत होत्या. गाडी वर चढत होती आणि मागचं फाटक वळणाआड गेलं.

पहिली जागा मला पसंत होती. सपाट, झऱ्याजवळ, मोठ्या झाडांची सावली. बाबा उतरले. जमिनीवर दोनदा उडी मारली. लिफ्टमध्ये शिरल्यावर ते अशीच उडी मारतात. लोक घाबरून बाजूला होतात. मग ते उताणे झोपले आणि पोटावर पाण्याची बाटली आडवी ठेवली. बाटली घरंगळली नाही. म्हणजे उतार नाही.

"कुणाची काही हरकत?"

"चालेल," नवरा म्हणाला. सासूबाईंनी पदर सारखा केला. मी म्हणाले, "मस्त आहे बाबा. काढू सामान?"

बाबा वर बघत राहिले. "माझी आहे," ते म्हणाले. "ती फांदी बघा. वाळलेली आहे. वारा सुटला तर थेट तंबूवर." हरकत त्यांची, त्यामुळे पुढची जागाही तेच दाखवणार. आम्ही परत गाडीत बसलो. माझं दार नवऱ्याने बाहेरून लावलं.

दुसरीकडे मुंग्यांचं वारूळ निघालं. तिसऱ्या जागी चिखलात खुरांचे ठसे होते. जनावरं तिथूनच पाण्यावर जातात, त्यांच्या वाटेत आपण का झोपायचं? चौथी जागा ओढ्याच्या कोरड्या पात्रात होती. ती तर त्यांनी उतरायच्या आधीच नाकारली; मग तिथे गाडी थांबवली कशाला हे विचारायची सोय नव्हती. बाकी प्रत्येक ठिकाणी उडी, प्रत्येक ठिकाणी पोटावर बाटली, प्रत्येक ठिकाणी तोच प्रश्न. खरं सांगायचं तर त्यांचं एकही म्हणणं चूक नव्हतं. म्हणून तर अंगाचा तिळपापड होत होता. चुकीच्या माणसाशी भांडता तरी येतं.

ऊन कलायला लागलं. मी पुढच्या सीटच्या फटीतून नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं.

"आत्ता सांग. गाडीतच."

"आत्ता कसं?" तो मान न वळवता पुटपुटला. "जागा मिळू दे ना."

"काय गं, काय पाहिजे?" बाबांनी आरशातून विचारलं.

"काही नाही बाबा. खिडकी जरा उघडता का? गुदमरायला होतंय."

"डोंगरातली हवा आहे," बाबा म्हणाले. "इथे कसं गुदमरेल?" पण त्यांनी खिडकी उघडली.

मग ती जागा आली. रस्ता जिथे संपतो त्याच्याही थोडं पुढे, तिन्ही बाजूंनी उंच कातळ, मधे वाटीसारखी हिरवळ, आत यायला गाडीएवढीच फट. वारा नाही, वाळकी फांदी नाही, मुंग्या नाहीत. बाबांनी उडी मारली. बाटली ठेवली. उठले तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता.

"इतकी वर्षं शोधतोय मी ही जागा," ते म्हणाले. "मागून भीती नाही, बाजूने भीती नाही. कुणाची काही हरकत?"

मी त्या कातळांकडे बघितलं. फाटक खूप खाली राहिलं होतं. सकाळी बाबा चहा घेणार, मग फिरायला जाणार, मग जेवण, आणि गाडीची किल्ली त्यांच्या खिशात. दुपार तर इथेच होणार. मला त्या कातळात आमची खोली दिसली. गॅलरी तेवढी नव्हती.

"चालेल," नवरा म्हणाला.

"माझी आहे," मी म्हणाले.

सासूबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. नवऱ्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बाबांच्या तोंडावर पाणी फेकलं. बाबा मात्र अगदी शांतपणे म्हणाले, "सांगा, सूनबाई."

"तिन्ही बाजूंनी कातळ आहे. पाऊस आला तर सगळं पाणी इथे उतरणार. आणि बाहेर पडायला एकच वाट आहे. ती अडली तर?"

हे मी बनवून सांगितलं. खरं कारण फोन होता. पण बोलता बोलता मलाच ते पटलं.

बाबांनी एकदा कातळाकडे, एकदा त्या फटीकडे बघितलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि नवऱ्याच्या हातात दिली. "तू चालव. सूनबाई पुढे बसतील. हरकत त्यांची आहे, जागा त्या दाखवतील."

मी सरळ खाली न्यायला सांगितलं. एकही जागा बघितली नाही. फाटक दिसायला लागलं तशी रस्त्याकडेला एक साधीशी मोकळी जागा होती. कापलेल्या झाडाचा बुंधा, थोडं गवत, पलीकडे झरा. वर जाताना तिथे आम्ही वेगही कमी केला नव्हता. "इथे," मी म्हणाले. बाबांनी उडी मारली. ते उताणे झोपले, बाटली ठेवली, आणि तसेच पडून राहिले. मला वाटलं आता उठून हरकत घेणार.

"उत्तम," ते आकाशाकडे बघत म्हणाले. "बाहेर पडायला दोन वाटा. मी कातळ बघत बसलो आणि वाटा मोजायचं विसरलो. लिफ्टच्या बाबतीत विसरलो असतो तर नोकरी गेली असती."

तंबू लागले. बाबा इतके खुशीत मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. उकडलेली अंडी आणि पाव खाताना ते सारखे तेच सांगत होते. "मी इतकी वर्षं विचारतोय, आणि सगळे आपले मूग गिळून बसलेले. मला वाटायचं, मी मेल्यावर या घरात ठरवणार कोण? आज काळजी मिटली." मग त्यांनी हात पुसले आणि माझ्याकडे वळले. "यापुढे घरातलं सगळं तुम्ही ठरवायचं, सूनबाई. सोफ्यापासून. मी आता विचारणार नाही, तुम्ही विचारायचं. कुणाची काही हरकत?"

"चालेल," नवरा म्हणाला. इतक्या आनंदाने तो आजवर कधी चालेल म्हणाला नव्हता.

मी हातातला पाव खाली ठेवला. मी एक दार ढकललं होतं आणि ते माझ्यामागे बंद झालं होतं. घराचं सगळं माझ्या हातात आलं, तर हात सोडवायचे कसे?

तंबूत शिरल्यावर मी म्हणाले, "बाबा खुशीत आहेत. जा."

"अगं, आता कशाला?" तो कुजबुजला. "आता तर तूच मालकीण. खोली बदलायची तर बदल. कपडे बाहेरच्या खोलीत वाळवू. जायची गरजच काय राहिली?"

मी पाठ फिरवली. मला रडू आलं नाही, राग आला. रागाने मला छान झोप लागली, हे माझं मलाच नवल.

सकाळी सासूबाईंनी स्टोव्हवर चहा ठेवला होता. झाडांवरून दंव गळत होतं. बाबा टोपी घालून तयार. "बोला सूनबाई, आज काय कार्यक्रम? तुम्ही म्हणाल तसं."

मी कप खाली ठेवला. कोण सांगणार, केव्हा सांगणार, हे पाणी आता डोक्यावरून गेलं होतं.

"मला दुसऱ्या गावच्या हॉस्पिटलात नोकरी मिळालीये," मी म्हणाले. "राहायला क्वार्टर आहे. यांचंही तिथल्या दुकानात बोलणं झालंय. आम्ही दोघं पुढच्या महिन्यात तिकडे राहायला जातोय. आज दुपारपर्यंत कळवायचंय." मी थांबले नाही. "कुणाची काही हरकत?"

कुणी काही बोललं नाही. बाबांनी कप बशीत ठेवला. सासूबाईंनी स्टोव्ह बारीक केला, तो आधीच बारीक होता. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे होकार. मी मनात म्हणाले, झालं. झालं एकदाचं.

"माझी आहे," नवरा म्हणाला.

मला खरंच वाटलं, तो चेष्टा करतोय. त्याच्या सबंध आयुष्यातली ही पहिली हरकत होती. सोफ्याला नाही, खोलीला नाही, कातळाला नाही; मला.

"म्हणजे, आत्ताच कशाला, असं," तो घाईघाईने म्हणाला. "बाबांनी एवढा विश्वास टाकलाय. लोक काय म्हणतील? आणि आईचे गुडघे... तुला नाही वाटत असं?"

"माझ्या गुडघ्यांना मधे आणू नकोस," सासूबाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "रोज सकाळी बादली घेऊन मी तुमच्या उशाशी जाते. मला काय कळत नाही?"

बाबांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली.

"हरकत घेतलीस," ते मुलाला म्हणाले. "चांगलं आहे. आता जागा दाखव."

"कसली जागा?"

"हिला आपल्या घरात राहायचं नाही. तुला तिकडे जायचं नाही. मग कुठे? तू दाखव. नियम आहे."

नवऱ्याने आजूबाजूला बघितलं. खरंच बघितलं, झाडं, तंबू, बुंधा, गाडी. "आहे तिथे काय वाईट आहे?" तो शेवटी म्हणाला.

"लिफ्ट मधेच अडकली की आतल्या माणसाला असं सांगतात का?" बाबांचा आवाज चढला नाही. "मला तुम्ही जायला नकोय. रात्रभर हिला सगळं सोपवल्याच्या आनंदात होतो मी. पण हरकत घ्यायची तर मला जागा दाखवावी लागेल, आणि माझ्याकडे ती नाही. तुझ्याकडे आहे?"

"मला जरा वेळ द्या ना," नवरा म्हणाला. "बघू."

बघू. आमच्या लग्नाची सगळी वर्षं या शब्दावर काढली होती मी. बाबांनी टोपी परत घातली आणि ते झऱ्याकडे चालू लागले, पाठमोरे एकदम म्हातारे दिसले. मला त्यांचं वाईट वाटलं. खरंच वाटलं. सासूबाईंनी माझा चहा पुन्हा गरम करून कपात ओतला आणि म्हणाल्या, "पी आणि जा. फाटक उघडलं असेल."

मी चालत निघाले. फार लांब नव्हतं. फाटक उघडं होतं, वनरक्षक खांबाला टेकून दात घासत होता. फोन लागला. हॉस्पिटलातल्या बाईंनी माझं नाव विचारलं, कागद सरकवल्याचे आवाज आले.

"येताय ना मग?"

"येतेय," मी म्हणाले.

"छान. क्वार्टरचं तेवढं सांगा. दोघांचं देऊ की एकटीचं? दोघांचं एकच उरलंय, अडवून ठेवायचं तर आत्ताच सांगायला हवं."

मी मागे वळून बघितलं. नवरा माझ्यामागे आला होता. फाटकापासून थोडा अलीकडे, वळणावर थांबला होता. चपला घाईत उलटसुलट घातलेल्या, श्वास लागलेला. माझा जीव हलला. आला तर होता.

"काय म्हणतायत?" त्याने ओरडून विचारलं.

मी फोनवर हात ठेवला. "किती माणसं येणार, विचारतायत."

त्याने मागे तंबूंच्या दिशेला बघितलं. मग माझ्याकडे. मी वाट बघितली. मनापासून बघितली. एका शब्दाचं काम होतं, आणि तो शब्द मी त्याच्या तोंडात कोंबायलाही तयार होते.

"तू काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

मी फोनवरचा हात काढला.

"एकटीचं," मी सांगितलं, त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

त्याने मान हलवली. आणि सवयीने, काय बोलतोय हे कळायच्या आत, म्हणाला, "चालेल."